भांडी कुणी परत करायची

व्यंकटेश,

आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि तू गेलास म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस.

तुमच्या समाजाच्या अंकाचे लोक आले होते. तुझ्याविषयी लिहून द्या म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण. मी म्हटलं, ते त्याच्या बायकोकडून घ्या, पद्माला तारखा पाठ आहेत. मी लिहायला बसले तर त्याच्याशीच बोलेन. ते जरा गोंधळले, पण चालेल म्हणाले.

तुझी खुर्ची मी दुसऱ्याच आठवड्यात वापरायला काढली. ऑफिसात खुर्च्या कमी आहेत आणि तिची पाठ अजून शाबूत आहे. काही जणांना ते आवडलं नाही. तू माझ्या जागी असतास तर पहिल्याच आठवड्यात काढली असतीस, म्हणून मी कुणाला उत्तर दिलं नाही.

हे वाचणाऱ्यांना आपलं काम काय ते ठाऊक नसणार, म्हणून थोडं सांगते. तू ऐकून घे. सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आपण टॉवेलच्या मागांसाठी पेट्या बनवतो. पेटी म्हणजे छोटा कॉम्प्युटर, कारखान्यातल्या सगळ्या मागांना तारेनं जोडलेला. कुठली नक्षी चालवायची ते पेटी मागाला सांगते. धागा तुटला, काठ आला, टॉवेल पुरा झाला, हे माग पेटीला सांगतो. आतला सगळा प्रोग्रॅम सी भाषेत आहे, आणि पहिल्या ओळीपासून तो तू लिहिलास.

त्यातली खरी कारागिरी वाट न पाहण्यात होती. पेटी एका मागाला काही विचारून उत्तर येईपर्यंत थांबली, तर बाकीचे माग ताटकळणार. म्हणून विचारायचं, ‘उत्तर आलं की हे कर’ असा निरोप ठेवायचा आणि दुसऱ्या मागाकडं वळायचं. आमच्या धंद्यात याला असिंक्रोनस म्हणतात. एवढ्याशा मेमरीत, हाताशी कुणी सांगणारं नसताना, तू ते बसवलंस. मी पुण्याच्या मोठ्या कंपनीतला अनुभव घेऊन आले होते, आणि तरी पहिल्या दिवशी पेटी चालताना बघून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कोड उघडला. तेव्हापासून गप्प बसले नाही.

एक निरोप दुसऱ्याच्या पोटात, दुसरा तिसऱ्याच्या. काम सुरू कुठं झालं आणि संपलं कुठं हे शोधायला फायलींमागून फायली उघडाव्या लागायच्या. तुला विचारलं की तू डोळे मिटायचास आणि सांगायचास, आणि ते बरोबर असायचं. कपाळाला बोट लावून म्हणायचास, ‘समदं हाय की हितं.’

मी म्हणायचे, तिथं आहे हीच तर अडचण आहे.

सुनंदा हे काही अवघड नाव नाही. पण पहिल्या आठवड्यापासून तू मला माझ्या गावाच्या नावानं हाक मारलीस. ‘काय नातेपुते, आज पण झाडलोट का?’ खालचा औषधवाला एकदा मला विचारत होता, तुमचं आडनाव नातेपुते का हो. मी हो म्हणून टाकलं. तुझ्यामुळं माझं आडनाव बदललं ते असं.

पण शिकवलंस तूच. मला कोड समजावून सांगायच्या आधी तू मला कारखान्यात नेऊन मागापाशी उभं केलंस. त्या खडखडाटात काय ऐकायचं ते मला कळेना. तू म्हणालास, धागा तुटल्यावर माग थांबतो, पण लगेच थांबत नाही. त्या थांबण्यात जो वेळ जातो तो आधी कानात बसव, मग कोड लिही. तुझं सगळं घराणं मागावरचं. तू कॉलेजात जाऊन सी शिकलास आणि परत त्याच आवाजात येऊन उभा राहिलास. पुण्यात माझ्यासोबत शिकलेले, पगारानं तुझ्या कितीतरी पुढं गेलेले लोक होते. यंत्र ऐकून कोड लिहिणारा त्यांच्यात एकही नव्हता.

मग ते टॉवेल आले.

सिद्रामप्पा आपले सगळ्यात जुने कारखानदार. त्यांच्याकडं शेजारशेजारच्या मागांवर दोन हॉटेलांची ऑर्डर चालू होती, आणि एका हॉटेलाच्या टॉवेलवर एका काठाला त्याचं नाव, दुसऱ्या काठाला शेजारच्या हॉटेलाचं नाव विणून आलं. सिद्रामप्पा अक्कलकोटकडचे, रागावले की आधी कन्नडमध्ये बोलून घेतात, मग मराठीत येतात. त्या दिवशी मराठीत यायला त्यांना वेळ लागला. आले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘दोनी हाटेलांचं लगीन लावून दिलं तुमी. आता नांदवा बी तुमीच.’

ती चूक तुला डोळे मिटून सांगता आली नाही. शोधायला आठवडा गेला. एक माग मध्येच बंद केला होता. त्याच्यासाठी घेतलेली मेमरीतली जागा मोकळी झाली, ती शेजारच्या मागाला मिळाली, आणि मग पहिल्या मागाचा उशिरा आलेला निरोप जुन्याच पत्त्यावर जाऊन बसला. घर सोडून गेलेल्याच्या नावानं पार्सल यावं आणि नव्या भाडेकरूनं ते उघडून वापरायला काढावं, तसं.

चूक कुणाची यावर आपण भांडलो नाही. ती जागा मोकळी कुणी करायची, यावर भांडलो.

तुझं म्हणणं, जो शेवटी वापरेल त्यानं करावी. कोडही तसाच होता. असं का, म्हणून विचारलं तर तू तुमच्या गल्लीतली रीत सांगितलीस. शहराच्या पूर्व भागात तुमच्या समाजाच्या हॉलवर लग्नाची मोठी भांडी असायची. एका घरचं कार्य झालं की पातेली हॉलवर परत जायची नाहीत. तशीच पुढच्या लग्नघरी जायची, तिथून त्याच्या पुढच्या. लग्नसराई संपली की ज्याच्या घरी शेवटचं कार्य, तो घासूनपुसून हॉलवर पोचवायचा. उगाच ने-आण कशाला? आणि शेवटचा कोण, हे गल्लीत सगळ्यांना माहीतच असायचं.

आमच्या आईचा नियम उलटा होता. जिच्याकडून आणलं तिच्याच हातात, आपण स्वतः नेऊन द्यायचं. दुसऱ्याची वस्तू परस्पर तिसऱ्याला द्यायची नाही. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. मी म्हटलं, ‘तुमच्या गल्लीत शेजारी होते. प्रोग्रॅममध्ये शेजारी नसतात, व्यंकटेश. शेवटचा कोण, ते तिथं कुणालाच माहीत नसतं.’

तू उठलास. खिडकीपाशी जाऊन उभा राहिलास. परत आलास तेव्हा म्हणालास, ‘लई शाणी हाय की नातेपुते.’ आणि मग, जणू मीच आग्रह करत होते आणि तू नाइलाजानं मानत होतास अशा आवाजात, ‘उसवू या.’

मला तुझा अभिमान वाटतो तो सगळ्यात जास्त यासाठी. हुशारीनं लिहिणारे मी पुष्कळ पाहिले. आपण लिहिलेलं, चालत असलेलं, लोकांनी नावाजलेलं, ते स्वतःच्या हातानं उसवायला बसलेला मी एकच पाहिला. तेही तुझ्या वयात, आणि माझ्यासारख्या बाईच्या सांगण्यावरून, जिला दोन चांगले शब्द बोलता येत नाहीत.

कारखाने बंद ठेवता येत नव्हते. म्हणून एका वेळी एकच काम उसवायचं, पुन्हा बांधायचं, पेटी पूर्वीसारखी चालते का ते बघायचं, मगच पुढचं. एका कामाचे दहा ठिकाणी पांगलेले निरोप एका फायलीत आणायचे आणि ज्या क्रमानं ते घडतात त्याच क्रमानं खालोखाल लिहायचे. प्रत्येक कामाला एक मालक. जागा त्यानं घ्यायची, त्यानंच परत करायची. माग मध्येच बंद झाला तर आधी त्याचे वाटेवर असलेले निरोप रद्द करायचे, मगच जागा सोडायची. आमच्या आईची पद्धत. तू ती मान्य केलीस आणि मग रोज टोमणे मारलेस. जागा मोकळी केली की तिचा जुना पत्ता पुसून तिथं शून्य लिहायचं, ही माझी सक्ती होती. ती ओळ आली की तू म्हणायचास, घाल, घाल साखर. पेटीच्या स्क्रीनचं काम बघणाऱ्या आपल्या तबस्सुमनं एकदा बदलाच्या नोंदीत गंभीरपणे तसंच लिहिलं: ‘साखर घातली.’ ती नोंद अजून आहे. पुसू देत नाही मी.

पुढं तुला जिना चढवेना. आजाराचं नाव मी इथं लिहीत नाही, तुला ते तोंडून काढायलाही आवडायचं नाही. घरून काम करतो म्हणालास. त्याचा अर्थ एवढाच झाला की मी लॅपटॉप घेऊन तुझ्या घरी यायला लागले. पद्मा खाटेशेजारी स्टूल ठेवायची, आणि तू म्हणायचास, वाचून दाखव.

कोड कुणी वाचून दाखवतं का? मी दाखवला. फंक्शनचं नाव, ते काय घेतं, काय करतं, कशाची वाट बघतं, कधी संपतं, सगळं मराठीत, एका दमात. मध्ये श्वास घेतला की तू हात वर करायचास. ‘दम लागला? तोड तितं.’ मग तिथं त्या फंक्शनचे दोन तुकडे करायचे. मी आधी हसले. पण जिथं मला श्वास घ्यावा लागत होता, तिथं बघायला गेलं की खरंच एका नावाखाली दोन कामं चाललेली सापडायची. पद्मा आतून विचारायची, हे रोज कसलं पारायण चाललंय तुमचं.

काही दिवसांनी तू म्हणालास, आता मी वाचतो. मी स्क्रीन धरली. आता दम तुझा होता.

म्हणून आपल्या प्रोग्रॅममधली शेवटी शेवटी केलेली फंक्शनं सगळ्यात आखूड आहेत. बाहेरून आलेल्या एका इंजिनिअरनं परवा तो भाग बघितला आणि विचारलं, इतकं नेटकं कसं जमलं, कुठली पद्धत वापरता? मी म्हटलं, आमचीच आहे. जास्त काही सांगितलं नाही.

एक काम राहिलं, आणि तेच आपलं अर्धं राहिलेलं भांडण. एकच नक्षी एकाच वेळी अनेक मागांवर चालते. मग तिची मेमरीतली जागा कुणाच्या मालकीची? माझ्या नियमात तिला मालक सापडेना. मी म्हटलं, प्रत्येक मागाला वेगळी प्रत देऊ. तू म्हणालास, मेमरी काय तुझ्या शेतात पिकते का. आणि मग भांड्यांच्या गोष्टीचा जो शेवट तू इतके दिवस दाबून ठेवला होतास, तो बाहेर काढलास. चोरट्यासारखा हसत होतास.

एका सराईत पातेलं मध्येच हॉलवर परत गेलं. एका घरचं लग्न राहिलं होतं, हे परत करणाऱ्याला माहीत नव्हतं. वऱ्हाड दारात आणि भाताला पातेलं नाही. गल्लीत मोठी भांडणं झाली. तेव्हापासून हॉलवर प्रत्येक पातेल्याच्या नावाची एक खुंटी ठोकली. ज्याला पातेलं लागणार, त्यानं आपल्या मागावरच्या सुताचा एक दोरा त्या खुंटीला बांधायचा. कार्य झालं की आपला दोरा सोडायचा. जो शेवटचा दोरा सोडेल, पातेलं परत आणायची जबाबदारी त्याची.

‘आता सांग नातेपुते, कुणाचं खरं?’

मी म्हटलं, एखादा दोरा सोडायला विसरला तर? पातेलं जन्मभर त्याच्याकडंच राहणार.

‘आमच्यात कोण इसरत न्हाय.’

‘प्रोग्रॅमर विसरतात.’

तुला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि पद्मानं मला डोळ्यांनीच पुरे म्हणून सांगितलं. उद्या बोलू, म्हणून मी उठले. दुसऱ्या दिवशी तुला हॉस्पिटलात नेलं. त्यानंतर आपण कोडचं काही बोललो नाही. मी आले की तू मागांची चौकशी करायचास, मी ठीक आहेत म्हणायचे. तुझी बोटं चादरीवर हलायची. तू दोरे बांधत होतास की सोडत होतास, असलं काहीतरी मी मनात आणू शकले असते. पण खरं सांगायचं तर तुला हातातली सलाईनची सुई टोचत होती आणि मी नर्सला बोलावून आणलं.

नक्षीचं काम मी तुझ्या पद्धतीनं पुरं केलं आहे. दोरे बांधून. बाकी सगळं आमच्या आईच्या पद्धतीनं आहे, तेव्हा तू जिंकलास असं मुळीच नाही. शिवाय कुणी दोरा सोडायला विसरला तर बोंब मारणारी एक तपासणी मी त्यावर बसवली आहे, कारण तुमच्या गल्लीवर माझा अजूनही विश्वास नाही. यावर तू काय म्हणाला असतास ते मी बऱ्याचदा जुळवून पाहिलं. तुझा आवाज येतो, सूर येतो, ‘नातेपुते’ येतं. पुढचं वाक्य येत नाही. बाकीच्या गोष्टींची मला सवय होईल. या एका गोष्टीची होईलसं वाटत नाही.

तोंडावर मी तुला कधी छान म्हटलं नाही. तूही मला म्हटलं नाहीस. एखादी फाईल वाचून दोष सापडला नाही की आपण ‘हं’ म्हणून पुढची उघडायचो. ते ‘हं’ मिळवायला मी काय काय केलं आहे, ते तुला कळत होतं की नाही, कोण जाणे.

तुझं तेरावं झालं आणि सिद्रामप्पा ऑफिसात आले. पाणी प्याले, तुझ्याविषयी चांगलं बोलले, मनापासून बोलले. मग मुद्द्यावर आले. बाहेरच्या एका कंपनीचा माणूस तयार पेट्या घेऊन त्यांच्याकडं येऊन गेला होता.

‘मॅडम, पेटी चांगलीच हाय. पण पेटी त्यांच्या डोक्यात होती. उद्या बिघडली तर मी कुणाला इचारू?’

मी म्हटलं, मला विचारा.

‘तुमी बी त्यांच्या शेजारी बसूनच शिकला. उद्या तुमी न्हाय आला तर?’

कोड आता कुणालाही वाचता येतो, हे मी त्यांना कसं पटवणार? त्यांच्यापुढं फाईल उघडून ठेवण्यात अर्थ नव्हता. आणि सिद्रामप्पा गेले तर त्यांचं बघून बाकीचेही जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. तुझी पेटी मग भंगारवाल्याकडं. जाताना ते एवढं म्हणाले, घाई करत नाही, पुढचा बिघाड होऊ दे, मग ठरवतो.

त्या दिवसापासून मी फोन हातातून सोडला नाही. आणि बिघाड झाला तो नेमका माझ्या भाचीच्या लग्नात. मी नातेपुत्याला, मांडवात. फोन पिशवीत, पिशवी आतल्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली कुणाकडं ते कुणाला ठाऊक नाही. वरात निघाल्यावर पिशवी हाती आली. सिद्रामप्पांचे सकाळपासूनचे कॉल होते. तबस्सुमचा एकही नव्हता. मी त्यांना लावला, त्यांनी उचलला नाही. परतीच्या एसटीत मी त्यांना काय सांगायचं ते जुळवत बसले, आणि तुला काय सांगायचं तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेट कारखान्यात गेले. सगळे माग चालू होते. सिद्रामप्पा मागच्या मोकळ्या जागेत टेप धरून नव्या शेडची मापं घेत होते. म्हणाले, तुमचा फोन लागंना, म्हणून तुमच्या त्या तबस्सुमबाईंना बोलावलं. आल्या, बसल्या, वाचलं, दुरुस्त केलं आणि जेवायच्या आत गेल्या बी. मी तोंड उघडायच्या आत पुढं म्हणाले, ‘नव्या शेडला बी याच पेट्या लावा.’ आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

ऑफिसात येऊन तबस्सुमला विचारलं, मला का नाही विचारलंस? तिनं मानही वर केली नाही. ‘कायकू विचारना? ऊपर से नीचे तक पढी, समझ में आ गया.’

त्या भागात तिनं कधी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. सिद्रामप्पांनी नुकत्याच आणलेल्या मागांतला एक माग धागा तुटल्याचा निरोप दोनदा पाठवत होता. दुसरा निरोप आला तेव्हा काम संपलेलं असायचं. तिनं फाईल उघडली, घडतं त्या क्रमानं वाचत गेली आणि जिथं अडलं तिथं तिला दोष दिसला. मला आधी रागच आला. आपण दोघांनी इतकं डोकं फोडलं, आणि पहिल्याच बिघाडाला आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. खोट काढायच्या नजरेनं मी तिचा बदल उघडला. थोड्याच ओळी होत्या, बरोबर जिथं पाहिजेत तिथं. मी दोनदा वाचलं आणि ‘हं’ म्हणाले. तिनं वर पाहिलं नाही, पण कानापर्यंत हसली.

काल नव्या शेडमध्ये पेट्या बसल्या. तबस्सुम गेली होती बसवायला. मी गेले नाही, माझी तिथं गरज नव्हती. तुझीही पडली नाही, व्यंकटेश. याहून चांगलं काम आपण दोघांनी कधी केलं नव्हतं.